जोत्यावरची घागर

आमच्या घराच्या परसात मी मुतायला उभा राहिलो आणि वाळल्या गाळावर लाल धार पडली.

घर म्हणजे आता नुसतं जोतं. वरचं सगळं पाण्यानं कधीच खाल्लेलं. चार बाजूंचे काळे दगड, मधोमध जात्याची खालची तळी, आणि पुढं उंबऱ्याचा लांबडा धोंडा. परस म्हणजे जिथं आजीचा शेवगा होता ती जागा. तिथं गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. धार त्या भेगेत शिरली आणि दिसेनाशी झाली. जमिनीनं पिऊन टाकली.

"कोंडू, काय बघतोस एवढं खाली? काय सांडलं का?" बाळकू उतेकर पलीकडच्या जोत्यावरून ओरडला. ते जोतं त्याचं. लहानपणी आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत होती. आता भिंतही नव्हती.

"उतरताना रातांबं लई खाल्लं. रंगलंय," मी म्हणालो.

"रातांब्यानं तोंड रंगतं रं. खालचं कसं रंगलं?" बाळकू हसला. मीही हसलो.

विश्वास ठेवायचाच ठरवलं की माणूस रातांब्यावरही ठेवतो. धरणाच्या रेषेवर, जिथवर पाणी कधी पोचलं नाही, तिथं आमच्या आज्याचं एक रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड शिल्लक होतं. उतरताना मी त्याची फळं अधाशासारखी खाल्ली होती. हात, ओठ, सदरा सगळं लाल. मग लघवी का नाही, असं मी स्वतःला विचारलं आणि पायजम्याची नाडी बांधली.

बायकोला सांगितलं नाही. गोजराला सांगितलं असतं तर तिनं मला तिथूनच पाठुंगळीला मारून गाडीत घातलं असतं, एवढी ती धट्टीकट्टी आहे. आणि उद्या सकाळी देवीचं न्हाणं होतं.

हे न्हाणं काय ते आधी सांगतो.

आमचं उंबरवणे धरणात गेलं तेव्हा मी चौथीत होतो. सरकारी साहेब आला, शाळेतली खुर्ची काढून पिंपळाखाली बसला, आमच्याच घरचं ताक प्याला आणि मिशी पुसून म्हणाला, "थोडा भाग जाईल, पण बाकीच्या सगळ्यांचं भलं होईल." थोडा भाग म्हणजे आम्ही. निघायच्या दिवशी आज्यानं गावदेवीला कौल लावला. दगडाच्या उजव्या खांद्याला एक कळी, डाव्याला एक. विचारलं, आई, येतेस का आमच्यासंगं? डावी कळी पडली. नाही म्हणाली. मग आम्ही गेलो आणि ती राहिली, पाण्याखाली.

आम्हाला जिथं नेऊन टाकलं तिथं झाड नव्हतं, ओढा नव्हता. विहिरीचं पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही. बायका रडायच्या त्या जमिनीसाठी नव्हे, डाळीसाठी. तेव्हापासून एक रीत पडली. दहावीस वर्षांत कधी धरण तळाला गेलं आणि देवी उघडी पडली, तर प्रत्येक घरच्या कर्त्या माणसानं नव्या गावच्या विहिरीचं पाणी घागरीत भरून, स्वतःच्या खांद्यावर वाहून न्यायचं आणि तिच्या डोक्यावर ओतायचं. जी सदान्‌कदा पाण्यात बसलेली, तिला पाणी. लोक हसतात. आज्या म्हणायचा, "चाखू दे तिला. तिनं नाय म्हणून सांगितलं, पर आमी काय पितोय ते तिला कळाया पायजे."

मागच्या खेपेला देवी उघडी पडली तेव्हा बापानं घागर नेली. मी मुंबईत गोदीवर होतो, रजा मिळाली नाही. बाप आला आणि पडवीत बसून नुसता म्हणाला, "उंबरा हाय जाग्यावर." आणखी काही सांगितलं नाही. ते एक वाक्य मी वर्षानुवर्षं चघळत राहिलो. उंबरा जाग्यावर आहे, आणि मी इथं.

आता बाप नव्हता. कर्ता मीच. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, त्यात धरणाचा दरवाजा दुरुस्तीला काढला म्हणून होतं नव्हतं ते पाणी सोडलेलं. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात माझ्या डाव्या किडनीत गाठ निघाली.

दवाखान्यात दुर्बिणीनं ऑपरेशन केलं. पोटाला चारपाच भोकं पाडून आतली गाठ तेवढी कापून काढली, जागा शिवली आणि किडनी ठेवली. गाठ वाईट होती, पण सगळी निघाली. मी चालत घरी आलो. गोजरा सगळ्या वस्तीला सांगत सुटली, "पोट फाडलंच न्हाई, नुसतं टोचलं." निघताना दवाखान्यातल्या पोरीनं बजावलं होतं, जड उचलायचं नाही, लघवी लाल झाली तर लगेच यायचं. मी मान हलवली. मनात घागर होती.

भरली घागर जड असते की नाही हे मला कोण सांगणार? गाडी जिथं थांबली तिथपासून गाळ तुडवत, घसरत, मी ती उजव्या खांद्यावर आणली. गोजरा मागून शिव्या घालत होती.

"अवो, माज्या डोस्क्यावर द्या. बायांच्या डोस्क्यावर घागर शोभती."

"कर्त्यानं न्यायची असती."

"व्हय, लई कर्ते! किडनीला ठिगाळ लावलंय आन निघाले कर्ते."

घागर मी जोत्यावर ठेवली. तोंडाला फडकं बांधलं. सकाळी देवीवर ओतायची. मग मी उंबऱ्याच्या धोंड्यावर बसलो. बापानं सांगितलेला तो उंबरा. ऊन कलत होतं, दगड अजून तापलेला होता, आणि खालून त्याची ऊब माझ्या मांड्यांना लागत होती. समोर नदीचं मूळचं पात्र दिसत होतं, त्याला येऊन मिळणारे ओढे दिसत होते. काळाओढा. टाक्याचा ओढा. आणि आमच्या घराखालून जाणारा, बारकासा, फक्त आमच्याच आळीला माहीत असलेला वहाळ. आजी त्यात भांडी घासायची. मला रडू आलं नाही. मला नुसतं तिथंच बसून राहायचं होतं. आयुष्यात एवढीच एक मागणी होती आणि तीही पाण्याच्या मर्जीवर.

रात्री सगळे तिथंच उघड्यावर निजलो. सकाळी तांबडं फुटताना उठलो तर लघवीच होईना. कंबर ठणकत होती. जोर केला तेव्हा काळ्या मनुक्यासारख्या गाठी पडल्या आणि मागून भळकन रक्त. रातांबं, मी मनात म्हणालो, पण या खेपेला मनानंच साथ दिली नाही. तसाच जोत्याकडं आलो. वरच्या अंगाला ढोल सुरू झाला होता. पालखी निघाली होती. मी घागरीच्या कानाला हात घातला आणि दरी गर्रकन फिरली.

शुद्धीवर आलो तेव्हा गोजराच्या मांडीवर डोकं होतं. तिचं लुगडं माझ्या रक्तानं भरलेलं.

"कवापासनं?" तिनं विचारलं. ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते.

"काल सांजंपासनं."

"बाळकूभावजी, धरा ह्यांना."

"घागर..." मी म्हणालो.

"बोंबलत गेली घागर."

बाळकूनं आणि आणखी दोघांनी मला घोंगडीत घालून वर नेलं. रातांब्याच्या झाडाखालून जाताना मान वळवून बघितलं. जोत्यावर घागर उभी होती. फडकं वाऱ्यानं हलत होतं.

दवाखान्यात मला एका गोल मशीनमध्ये घालून पोटाचे फोटो काढले. मग एक डॉक्टरीण आली. डॉक्टर नदाफ. बुटकी, चष्मा कपाळावर सरकवलेली, बोलणं सरळ. ती शिरांची डॉक्टर होती. ज्यांनी गाठ काढली होती ते डॉक्टर तिच्या मागं उभे होते.

"काका, ऐका. गाठ कापून जिथं शिवलं, तिथल्या एका रक्तवाहिनीची भिंत कच्ची राहिली. तिच्यातून रक्त बाहेर येऊन तिथं फुगा झालाय. तो फुगा लघवीच्या वाटेत गळतोय. हे अशा ऑपरेशननंतर कधीकधी होतं, थोड्यांना होतं."

"घागर उचलली म्हणून झालं व्हय?" गोजरानं माझ्याकडं डोळे वटारून विचारलं.

"तसं सांगता येत नाही, मावशी. उचलली नसती तरी झालं असतं कदाचित. पण उचलायची नव्हतीच."

"आता काय?" मी म्हणालो.

"पोट उघडायचं नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालते, किडनीपर्यंत नेते आणि जो फाटा गळतोय तेवढाच आतून बंद करते. धातूची बारीक तार असते, तिचं वेटोळं करून तिथं सोडायचं. रक्त अडतं."

"अडतं म्हंजी?"

"म्हणजे त्या फाट्यावर जगणारा थोडा भाग जाईल. पण बाकीची सगळी किडनी वाचेल."

मी तिच्याकडं बघत राहिलो. तिच्या ओठावर मला ताकाची मिशी दिसली, देवाशपथ. पिंपळाखालची खुर्ची दिसली. तेच शब्द, त्याच ओळीनं.

"नाय," मी म्हणालो.

"काय नाय?"

"अडवायचं नाय. मला घरी सोडा. घागर ओतून येतो, मग काय ते बघू."

मागचे डॉक्टर पुढं झाले. "अहो, फुगा कधीही फुटेल. वाटेत फुटला तर दवाखान्यापर्यंत पोचणार नाही तुम्ही."

"नाय पोचलो तर नाय. दरवाजा बसला की ते पाणी चढणार. परत कधी उतरंल? मी असंन का तवा?"

"कसली घागर?" डॉक्टर नदाफनं गोजराला विचारलं. गोजरानं सांगितलं. तिला सांगता येतं, माझ्यासारखी ती तापत नाही. डॉक्टरीण चष्मा डोळ्यांवर ओढून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी बाहेर थांबते. फार वेळ थांबता येणार नाही." आणि सहीचा कागद गोजराच्या हातात देऊन गेली. दुसरे डॉक्टर काहीतरी पुटपुटत तिच्या मागं गेले.

पडद्यामागं आम्ही दोघंच. माझ्या अंगात रक्ताची बाटली चढत होती आणि खालच्या पिशवीत रक्त उतरत होतं. गोजरा खाटेच्या कडेला बसली. तिनं अजून तेच लुगडं नेसलेलं.

"तुमच्या आज्याला गाव बुडिवताना कुणी इच्यारलं हुतं?" ती म्हणाली.

"कोण इच्यारणार?"

"ह्या बाईनं इच्यारलं. कागुद पुढं करून, भायेर जाऊन हुबी ऱ्हायलीया. तुम्ही व्हय म्हणाल का न्हाई म्हणाल म्हणून वाट बघतीया. आयुष्यात पैल्यांदा कुणीतरी वाट बघतंय, आन तुम्ही काय करताय? डावा कौल देताय."

"तुला नाय कळायचं ते. तुझं म्हायेर कोरड्यावरचं."

"मला न्हाई कळायचं. खरं हाय. मी तुमचं गाव बघितलं ते कालच. तीस वर्सं तुमच्या तोंडून ऐकलं, वहाळ असा आन शेवगा तसा. सासू गेली तीबी वहाळाचं नाव घेऊन. त्या घरात मी पाव्हणीसारखी ऱ्हायले, कोंडू."

नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही. तिनं तोवर कधी मारली नव्हती. नंतरही नाही.

"देवी न्हाई म्हणाली," ती म्हणाली. "तिला जमतं. तिला पाण्याखाली एकटं ऱ्हायाला जमतं. मला न्हाई जमायचं."

तिनं कागद माझ्या छातीवर ठेवला. मी सही केली.

टेबलावर मी जागा होतो. जांघेत सुई टोचली तेवढीच दुखली. खोली थंडगार, मशीन घूं घूं करतंय, आणि डोक्याशी मोठा पडदा.

"हे मशीन कशावर चालतं?" मी विचारलं.

"लाईटवर," मदतीला उभा असलेला पोरगेला माणूस म्हणाला.

"लाईट कुठनं येती?"

"बोर्डातून."

"आमच्या घरावर साठवलेलं पाणी खाली सोडलं की येती."

डॉक्टर नदाफ म्हणाली, "काका, मग आज ते पाणी तुमच्यासाठी फिरतंय. गरम वाटेल आता. लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होणार नाही. हलू नका."

पोटात ऊन पाणी ओतल्यासारखं झालं आणि पडद्यावर एक काळी नदी उगवली.

मी माझं गाव वरून कधी बघितलं नव्हतं. साहेबानं पिंपळाखाली नकाशा पसरला होता तेव्हा मला लांबूनच हाकललं होतं. आता दिसलं. मधला जाड दांडा ही नदी. वरच्या अंगाला फुटलेला मोठा फाटा, तो काळाओढा. त्याच्या खाली दोन जोडीनं येणारे, टाक्याचा आणि त्याच्या शेजारचा. आणि अगदी खाली, कडेला, केसाएवढा एक. त्याच्या टोकाला गोल काळं डबकं साचलेलं. बाकीची नदी आली तशी वाहून गेली, विरली. डबकं तसंच राहिलं.

"तेच?" मी विचारलं.

"तेच."

"त्यो आमचा वहाळ हाय."

डॉक्टरीण नळी पुढं सरकवत होती. ती आत सरकताना कळत नव्हती, नुसती पडद्यावर दिसत होती, वाट चुकलेल्या मुंगीसारखी एका फाट्याच्या तोंडाशी जायची, मागं यायची, दुसरीकडं वळायची. शेवटी ती त्या केसाएवढ्या वाटेत शिरली.

"आता बंद करणार?"

"हो."

"त्याच्या आधी एकदा दावा. परत."

"औषध फार सोडता येत नाही, काका. त्यानंच किडनीला त्रास होतो." ती थांबली. "पण नळी नीट पोचली का ते बघायला एकदा सोडणारच आहे. तेव्हा बघून घ्या."

सोडलं. या खेपेला नदी नाही, मोठे ओढे नाहीत. फक्त तो एकटा. तोंडापासून टोकापर्यंत, वळणावळणानं, बारीक बारीक फांद्यांना पाणी देत. कुठं वळायचा ते मला पाठ होतं. इथं आजीचा भांडी घासायचा दगड. इथं आम्ही खेकडे धरायचो. इथं तो घराखालून जायचा आणि पावसाळ्यात त्याचा आवाज अंथरुणात ऐकू यायचा.

"मॅडम, वेटोळं देऊ?" त्या माणसानं विचारलं.

"थांब. काकांना बघू दे."

तिनं चित्र पडद्यावर धरून ठेवलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. कुणी घाई केली नाही. मशीन घुमत होतं. साहेबानं आम्हाला ट्रकात भरलं तेव्हा मागच्या फळीवर ताडपत्री टाकली होती, पोरं वाकून पडतील म्हणून. मला शेवटचं काही दिसलं नव्हतं. डांबराचा वास तेवढा आठवतो.

"झालं," मी म्हणालो. "घाला बांध."

पडद्यावर तारेचं एक बारकं वेटोळं पडलं. मग आणखी एक. तिनं पुन्हा औषध सोडलं तेव्हा नदी आली, काळाओढा आला, टाक्याचा आला. खालच्या कडेला काही आलं नाही.

नंतर पाय सरळ ठेवून पडून राहायला सांगितलं. पिशवीतलं रक्त हळूहळू पातळ झालं, मग गुलाबी, मग पिवळट. गोजरानं पिशवी खिडकीकडं धरून बघितली. "गवती च्यासारखं झालं बघा," ती म्हणाली आणि मग पिशवी तशीच हातात धरून, तोंड फिरवून रडली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा.

चार दिवसांनी बाळकूचा फोन आला. "न्हाणं झालं. तुझी घागर तिथंच हाय. कुणी हात लावला नाय, लावायचा नसतोय."

"मी येतो."

"येडा का काय? दरवाजा बसला. वर लई पाऊस झालाय, पाणी चढाया लागलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी वर रातांब्याखाली बसून बघत हुतो. उंब्र्यापातूर आलं, मग जोत्यावर चढलं. घागर पडंल म्हणलं, पडली नाय. हुबीच्या हुबी बुडाली."

त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेवढं तळाला पाणी पुन्हा गेलेलं नाही. मधे एकदा गोजराला घेऊन लाँचीतून त्या बाजूनं गेलो होतो. तिनं विचारलं, "कुठं?" मी बोटानं दाखवलं. तिनं त्या जागी हात पाण्यात बुडवला आणि लाँच पुढं जाईपर्यंत तसाच ठेवला.

वर्षातनं एकदा तपासायला जातो. गाठ परत आलेली नाही. सोनोग्राफीवाली पोरगी दरवेळी नवीन असते. कमरेला ते थंडगार चिकट लावते, मशीन फिरवते, पडद्यावर किडनीत तांबडे-निळे रंग लुकलुकतात. रक्त फिरतं तिथं रंग भरतो, असं त्यांचं असतं. खालच्या कडेला आली की पोरगी थबकते.

"आजोबा, इथं रंग भरत नाही. पूर्वी काही केलं होतं का इथं?"

"व्हय."

"ठीक आहे मग." ती मशीन उचलायला लागते.

"बाई, जरा थांब तिथंच," मी म्हणतो.

काहीजणी हसतात, काहींना पुढचा पेशंट असतो. पण थांबतात. मी मान वळवून बघतो.